काटा कोणाच्या हातात?

(बी. कॉम., दुसरे वर्ष)

गेल्या परीक्षेत 'सहकाराची तत्त्वे विशद करा' असा दहा गुणांचा प्रश्न आला होता. मी तो हौसेने लिहिला. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी १८४४ च्या डिसेंबरात अठ्ठावीस कष्टकऱ्यांनी मिळून एक दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या असा मोजका माल ठेवला. भेसळ करायची नाही, माप पुरे द्यायचे, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत करायचा, असे नियम केले. आणि जगातल्या सहकाराचा पाया घातला, वगैरे वगैरे. दहापैकी आठ गुण पडले. गुणपत्रिका घेऊन घरी गेले तर बाबा ओसरीवर पट्टी हातात धरून बसले होते. चष्मा सापडत नव्हता. मला म्हणाले, "ये पोरी, जरा वाचून दाखव की. किती आले बघू."

पट्टी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. शेतकरी आपला माल अडत्याच्या दुकानी नेऊन टाकतो. तिथे लिलाव होतो, वजन होते, आणि मग अडत्या जो हिशेबाचा कागद हातात देतो त्याला पट्टी म्हणतात. आमच्या कोबीची त्या दिवशीची पट्टी अशी होती. पन्नास किलोची पोती १२. दर किलोला ६ रुपये. पोत्यामागे २ किलो 'सूट', म्हणजे पान गळते, पाणी आटते म्हणून वजनातून वजा. तेव्हा ६०० किलोचे झाले ५७६ आणि रक्कम ३,४५६ रुपये. त्यातून अडत २७६, हमाली १२०, तोलाई ६०, गाडीभाडे ४८०. हाती आले २,५२० रुपये. किलोला ४ रुपये २० पैसे पडले. बी, रोपे, खत, दोन फवारण्या आणि खुरपणीच्या बायकांची मजुरी अजून त्यातून जायची होती.

त्याच दिवशी सकाळी कॉलेजला येताना शहराच्या बाजारात मी कोबीचा भाव विचारला होता. किलोला वीस रुपये. वीस रुपयांतले चार रुपये वीस पैसे आमचे! आठ गुणांचा आनंद तिथल्या तिथे मावळला. रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांची माहिती मला तोंडपाठ होती. पण माझ्याच घरच्या पट्टीवरचे 'सूट' हे कलम कुठल्या तत्त्वात बसते, ते मला सांगता येत नव्हते.

आमचीच पट्टी अशी वाईट असेल, असे कोणी म्हणेल. तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ साली जे निबंध प्रसिद्ध केले त्यांत ग्राहकाच्या एका रुपयातले शेतकऱ्याला किती मिळतात याचा अंदाज दिला आहे. टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. म्हणजे नांगरणीपासून काढणीपर्यंत सारे करून तिसरा हिस्सा, आणि पुढच्या एक-दोन दिवसांच्या प्रवासाला दोन हिस्से.

आता इथे अडत्याला आणि भाजीवालीला शिव्या देऊन लेख संपवणे सोपे आहे. ते मी करणार नाही, कारण ते खरे होणार नाही. माझी सख्खी मावशी हातगाडीवर भाजी विकते. ती सकाळी माल उचलते तेव्हा रोजाच्या व्याजाने पैसे घेऊन उचलते. संध्याकाळी उरलेली कोथिंबीर फुकट वाटते किंवा गाईला घालते. वीस रुपयांतले मोठे वाटे तिच्या पदरी पडत असते तर तिच्या घरावरचे पत्रे आतापर्यंत बदलले असते. अडत्याचेही काही पैसे बुडतात. दोष एका माणसाचा नाही, रचनेचा आहे. या रचनेत ज्याचा माल, त्याच्या हाती काटा नाही. ज्याचा घाम, त्याला भाव आधी ठाऊक नाही. आणि पट्टी लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. भाजी तर नाशवंत. गाडीत भरून आणलेला कोबी भाव पटला नाही म्हणून परत नेता येत नाही. हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही.

आमच्या घरात याच्या शेजारीच दुसरे चित्र आहे. आई रोज सकाळ-संध्याकाळ गावातल्या दूध संघाच्या डेअरीत दूध घालते. तिथे तिच्यासमोर माप होते, यंत्रावर फॅटचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत उमटतो, पुस्तकात नोंद होते आणि बिल ठरलेल्या वारी मिळते. भाव कमी आहे म्हणून ती कुरकुरते. पण आज घातलेल्या दुधाचे किती येणार ते तिला आज कळते. एकाच घरातल्या एका म्हशीला जो न्याय मिळतो तो त्याच घरातल्या कोबीला का मिळत नाही? या एका प्रश्नाने मला पाठ्यपुस्तक पुन्हा उघडायला लावले.

दुधाला हा न्याय आपोआप मिळालेला नाही. १९४६ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दूध घालणेच बंद केले होते. मुंबईला दूध पुरवण्याचा मक्ता एका खाजगी डेअरीकडे होता आणि उत्पादकाला मिळणारा भाव ती ठरवेल तो. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली गावे एकत्र आली, पंधरा दिवस मुंबईकडे जाणारे दूध थांबले, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला आणंदच्या संघाची नोंदणी झाली. सुरुवात जेमतेम अडीचशे लिटरवर झाली होती. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन तिथे आले आणि पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. आपल्या लक्षात 'अमूल'चे लोणी राहते. मला मात्र त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की गावातल्या गावात, दूध घालणाऱ्याच्या समोर माप आणि तपासणी व्हायची पद्धत पडली. माप डोळ्यांसमोर आले आणि विश्वास बसला. विश्वास बसला म्हणून माणसे टिकली.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर आणंदपर्यंत जायचीही गरज नाही. माझ्या वर्गातली एक मैत्रीण गदगकडची. तिने मला कणगिनहाळचे नाव प्रथम सांगितले. १९०४ साली सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला आणि दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, गदगजवळच्या या लहानशा खेड्यात सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी कृषी पतसंस्था काढली. देशातली ती पहिली मानली जाते. आपण बेळगावात बसून रॉचडेल पाठ करतो आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर असलेले कणगिनहाळ आपल्याला ठाऊक नसते! मराठी माध्यमात शिकलेल्या मला ते ठाऊक नव्हते याचे मला वाईट वाटले. पण कन्नड माध्यमातल्या कितीतरी मुलांनाही ते ठाऊक नव्हते हे कळल्यावर थोडे हायसे वाटले, हेही प्रामाणिकपणे सांगते.

भाजी आणि फळांचाही प्रयोग आपल्याच राज्यात झालेला आहे. बंगळूरच्या द्राक्षबागाईतदारांची सहकारी संस्था १९५९ साली डॉ. एम. एच. मरिगौडा यांच्या पुढाकाराने निघाली. तीच पुढे वाढत 'हॉपकॉम्स' झाली. शेतकऱ्याने माल आणावा, संस्थेने तोलून घ्यावा, शहरातल्या आपल्या दुकानांतून विकावा, अशी ती रीत. पुढे पंजाबात १९८७ साली 'अपनी मंडी' आणि आंध्रात १९९९ साली 'रयतु बाजार' सुरू झाले. तिथे शेतकरी स्वतःच माल विकायला बसतो. तेव्हा 'भाजीत हे जमत नाही' असे म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. जमते, पण दुधापेक्षा अवघड आहे. दूध रोजचे, एकाच जातीचे. भाजी मात्र आज मेथी, उद्या वांगी. आज पाऊस, उद्या कडक ऊन.

भाव मिळाला म्हणजे सारे झाले काय? इथे मला आणखी एका जागेविषयी लिहायचे आहे. हैदराबादहून मुंबईकडे येणाऱ्या रस्त्यावर, आपल्या बिदर जिल्ह्याच्या सीमेला लागून जहिराबाद आहे. त्याच्याजवळच्या पस्तापूर गावी १९८३ पासून 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी' ही संस्था काम करते. तिचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश मूळचे म्हैसूरचे. आधी दूरदर्शनवर होते. २०२३ साली ते वारले. पण खरे काम तिथल्या गावोगावच्या बायकांच्या 'संघम्'चे. त्यांत बहुतेक दलित समाजातल्या, एक-दोन एकर माळरानाच्या मालकिणी. जमीन होती, पण पडीक. आणि रेशनवर मिळे तो तांदूळ, जो त्या भागात पिकतही नाही. पिकत होती ती ज्वारी, आणि ती तर पेरायचीच सोडून दिली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तीसेक गावांतल्या या बायकांनी एक योजना केली. पडीक जमीन पुन्हा वहितीखाली आणायला कर्ज द्यायचे. पण ते रोखीने फेडायचे नाही, ज्वारीने फेडायचे. ती ज्वारी गावातच साठवायची. आणि ज्या महिन्यांत हाताला काम नसते, कणगी रिकामी असते, त्या महिन्यांत ती गावातल्या सर्वांत गरीब घरांना स्वस्तात द्यायची. गरीब कोण हे कोणा कचेरीने ठरवायचे नाही. गावकऱ्यांनी एकत्र बसून, जमिनीवर रंगाने गावाचा नकाशा काढून, घर-घर दाखवत सर्वांदेखत ठरवायचे. म्हणजे रेशनचे दुकान, पण धान्य आपल्या शेतातले, कोठार आपल्या गावातले आणि यादी आपल्या डोळ्यांदेखत केलेली.

याच बायका एका शेतात ज्वारी, तूर, राळा, मूग, तीळ अशी कितीतरी पिके एकत्र घेतात. एक गेले तर दुसरे हाती लागते. बी विकत आणत नाहीत. राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात घालून जपतात, एकमेकींना देतात. संक्रांतीपासून बैलगाड्यांत जुन्या बियाण्यांची जत्रा गावोगाव फिरवतात. २००८ पासून त्यांचे स्वतःचे रेडिओ केंद्र चालते. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांचे 'इक्वेटर' पारितोषिक त्यांना मिळाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ज्वारी-बाजरीसारखी धान्येही रेशनवर आणली आणि २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून साजरे झाले. पस्तापूरच्या बायकांनी ते पंचवीसएक वर्षे आधीच करून दाखवले होते, तेही कोणाच्या भाषणाशिवाय.

आपल्या जिल्ह्यात सौंदत्ती-रामदुर्गच्या काळ्या रानात ज्वारी पिकते. इकडे येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात बासमतीचा घमघमाट. जोंधळ्याची भाकरी आणि 'जोळद रोट्टी' ही दोन नावे, पण तवा एकच. असे असून आपल्या कॉलेजच्या वसतिगृहात आठवड्यात किती वेळा भाकरी मिळते, ते वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींनी सांगावे.

एवढे सारे वाचून झाल्यावर आम्ही काय केले, ते आता सांगते. त्यात फुशारकी मारण्यासारखे फार नाही.

२०२० च्या एप्रिलात टाळेबंदी होती. मी तेव्हा नुकतीच नववी संपवलेली. गाड्या बंद, बाजार बंद. बाबांनी अर्धा एकर कोबी ट्रॅक्टर घालून मातीत गाडला. त्याच आठवड्यात शहरातल्या आत्याचा फोन आला की, भाजी मिळत नाही, वरण-भातावर दिवस काढतोय. दहा-बारा किलोमीटरचे अंतर! पिकवणारा रडतो आणि खाणारा उपाशी, आणि दोघांच्या मध्ये रस्ता मोकळा. ते दृश्य घरात कोणी विसरले नाही. म्हणून २०२३ च्या दिवाळीनंतर गावातली अकरा घरे एकत्र आली. सात मराठी, चार कन्नड. दर रविवारी सकाळी शहरात एका मोकळ्या जागेत बसून आपली भाजी आपण विकायची असे ठरले. सर्वांनी वर्गणी काढून एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. हिशेब लिहायचे काम माझ्याकडे आले. कारण कॉमर्सला जाणारी मी एकटी.

पहिलीच बैठक भाषेवरून अडली. वही मराठीत लिहायची की कन्नडमध्ये? एक काका उठून जायला निघाले होते. शेवटी आकडे इंग्रजी आणि नावे दोन्ही लिप्यांत, असे ठरले. कन्नडात हिशेबाला 'लेक्क' म्हणतात आणि मराठीत 'लेखा'. तिकडे 'तक्कडी', इकडे 'तागडी'. शब्दच जर एकमेकांच्या घरी राहून आलेले, तर आम्ही कशाला भांडावे?

पहिले तीन महिने चांगले गेले. कोबी आम्ही चौदा रुपयांनी विकला. ग्राहकाला सहा रुपये स्वस्त पडला. खर्च वजा जाता आम्हाला अकरा मिळाले. बाबांनी घरी येऊन आईच्या हातात पैसे दिले तेव्हा दोघेही काही बोलली नाहीत. पण त्या रात्री बाबांनी पट्ट्यांची जुनी फाईल काढून माझ्याकडून दहा वर्षांचे भाव वाचून घेतले.

मग अडचणी सुरू झाल्या. एका रविवारी नऊ घरांनी मेथीच आणली. कोणी काय पेरायचे हे आधी ठरवले पाहिजे, हे आम्हाला तेव्हा कळले. पण खरी परीक्षा माझी झाली.

माल निवडून आणायचा, किडका किंवा फुटका वेगळ्या ढिगात कमी भावाने द्यायचा, असा आमचा नियम. प्रत्येक पोत्यावर घराच्या क्रमांकाची चिठ्ठी असे. आमचे घर चार नंबर. ओळीने तीन रविवार चार नंबरचे कोबी परत येऊ लागले. वर चांगले, खाली किडके. मला कळले. मी बाबांना विचारले नाही. परत आलेल्या मालाचे ३१० रुपये मी 'किरकोळ नासाडी' या सदरात घातले आणि ते अकरा घरांत सारखे वाटून टाकले. घरटी अठ्ठावीस रुपये. कोणाच्या लक्षात येणार?

लक्षात आले. आमच्यात एक अक्का आहेत. शाळा दोन इयत्ता. त्यांनी वहीतल्या आपल्या नावासमोर बोट ठेवून विचारले, "तंगी, आमची भेंडी तर सगळी खपली. मग हे अठ्ठावीस कशाचे?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. अडत्याच्या पट्टीवरच्या 'सूट' या कलमाचा मला एवढा राग होता. माझ्या 'किरकोळ नासाडी'त आणि त्यात काय फरक होता? काटा आमच्या हाती आला होता, वही आमच्या हाती आली होती, आणि पहिली खोटी नोंद मीच केली होती. पुढच्या रविवारी मी ती नोंद मराठीत आणि कन्नडमध्ये सर्वांसमोर वाचली आणि कोणाचे पोते ते सांगितले. बाबा तिथेच उभे होते. त्यांनी खिशातून ३१० रुपये काढून पेटीत टाकले. घरी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून म्हणाले, "चल, कोबीज निवडायचे आहेत." तेव्हापासून आमचा एक नवा नियम आहे. घरी जाण्याआधी सारी वही मोठ्याने वाचायची, दोन्ही भाषांत, सर्वांसमोर.

तरीही अकरातली पाच घरे आज आमच्यात नाहीत. ती भांडून गेली नाहीत. एकाच्या मुलीचे लग्न निघाले, एकाच्या आईचे ऑपरेशन. ज्या अडत्याकडे ते वर्षानुवर्षे माल घालत, तो अशा वेळी 'उचल' देतो. रात्री दार वाजवले तरी देतो. फक्त पुढचा सारा माल त्याच्याच दुकानी घालायचा. आमच्या पेटीत तेव्हा दोन हजार रुपयेही नव्हते. आम्ही चांगला भाव देऊ शकत होतो. अडीनडीला पैसे देऊ शकत नव्हतो. तेव्हा मला कणगिनहाळचा अर्थ कळला. सिद्धनगौडा पाटलांनी आधी बाजार काढला नाही, आधी पतसंस्था काढली. ज्याचा गळा कर्जात अडकलेला आहे त्याच्या हातात काटा देऊन उपयोग नसतो. परीक्षेच्या उत्तरात मी ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या पानांवर लिहिली होती.

आता माझे मत थोडक्यात मांडते.

एक. आमच्या गटाला आणि अशा इतर गटांना ठरलेले गिऱ्हाईक हवे. आपल्या कॉलेजचे वसतिगृह आणि उपाहारगृह रोज भाजी घेते. त्यातली आठवड्याची एकच खरेदी, ठरल्या भावाने, गटाकडून घ्यावी. कोणी म्हणतील, ठेकेदाराकडून स्वस्त पडते. काही आठवडे पडेलही. पण ठरलेला भाव म्हणजे महागाईच्या दिवसांतही तोच भाव. जून-जुलैत टोमॅटो कडाडतात तेव्हा मेसमधले सार पातळ होते, हे काय आपल्याला ठाऊक नाही? आणि कोणी पेरायचे काय, ते आधी सांगितले तर मेथीचे ढीग पडणार नाहीत.

दोन. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हिशेब तपासावेत. आपण काल्पनिक 'अ', 'ब' आणि 'क' यांच्या भागीदारीची खाती वर्षभर लिहितो. त्याऐवजी एका सत्रात एका खऱ्या गटाचे खाते लिहिले आणि तपासले तर काय बिघडेल? माझ्या गुरुजनांना विनंती आहे की, सहकाराचे प्रकरण शिकवताना एक खरी पट्टी वर्गात आणावी आणि प्रत्येक कलम कोणाच्या खिशातून जाते ते मुलांकडून काढून घ्यावे. ती पट्टी मी देईन.

तीन. पेटीची सुरुवात लहानच होईल, पण ती आधी व्हायला हवी. आम्ही सहा घरे आता विक्रीतले रुपयामागे पाच पैसे बाजूला ठेवतो. लग्नाला ते पुरणार नाहीत. बियाण्याला आणि दवाखान्याच्या पहिल्या खेपेला पुरतील. उचल घ्यायची वेळ एका जरी घरावर कमी आली तरी ते घर टिकेल.

सेंद्रिय शेती, माती वाचवणे, पाणी जपणे यांवर या अंकात इतरही लेख असतील आणि ते योग्यच आहे. पण ज्या शेतकऱ्याच्या पट्टीत किलोला चार रुपये वीस पैसे येतात, त्याला 'शेणखत घाल, ऊस लावू नको' हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आधी मिळवावा लागेल. ऊस पाणी फार पितो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. तो ऊस लावतो कारण उसाला निदान ठरलेला घेणारा आहे. पस्तापूरच्या बायकांनी मिश्र पीक आणि कोठार एकाच वेळी उभे केले. माती टिकायची असेल तर त्या मातीवरचे घरही टिकले पाहिजे.

शेवटी एक साधी गोष्ट. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढायची तर कायद्याने निदान दहा उत्पादक लागतात. ती निघाली तर आम्हाला बँकेच्या दारात उभे राहता येईल. आम्ही अकरा होतो, सहा राहिलो. म्हणजे चार कमी आहेत. हा अंक मराठीतून वाचणाऱ्या आणि कन्नडमधून वाचणाऱ्या, आसपासच्या गावांहून बसने येणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींपैकी कोणाच्या घरी भाजी पिकत असेल, आणि घरची माणसे पट्टी पुढ्यात घेऊन गप्प बसत असतील, तर त्यांनी एखाद्या रविवारी आमच्याकडे यावे. माल नाही आणला तरी चालेल. वही वाचताना हजर राहावे आणि एखादा आकडा पटला नाही तर अक्कांसारखे बोट ठेवून विचारावे.